काचेवरचे डाग

माझी आत्या राज्यशास्त्राची प्राध्यापक. देशांना कर्ज देणाऱ्या बँकांचे नियम कोण ठरवतं, हा तिचा विषय. एवढं कानावर पडलं की पाहुणे खुर्ची पुढे ओढायचे. "मग ताई, सध्या पैसे कुठे गुंतवावेत?"

"मला नका विचारू. माझं पासबुकसुद्धा वहिनी भरून आणते." वहिनी म्हणजे माझी आई.

तिचं खरं काम दुसऱ्यांच्या बैठकांची इतिवृत्तं वाचणं. अशा एका बँकेचं मुख्य कार्यालय आमच्याच शहरात होतं. तिथल्या तळघरातल्या जुन्या फायली मंगळवारी बघायला मिळत. आत्या मंगळवार चुकवायची नाही. दारातच एक झेरॉक्सवाला बसे, त्याच्याकडून पानं काढून घ्यायची आणि घरी येऊन कार्डं लिहायची. बैठकीत जो देश बोलला त्याचं निळं कार्ड, जो गप्प बसला त्याचं पांढरं. एकोणतीस वर्षांत कार्डांच्या खोक्यांनी जेवणाचं अर्धं टेबल गिळलं. बाबा म्हणायचे, "ताई, जगाचा कारभार सुधारून झाला की मला ताटापुरती जागा दे."

झेरॉक्सवाल्याशी तिचं भांडणही एकोणतीस वर्षांचं.

"अहो, काच पुसा! प्रत्येक पानाच्या कडेला डाग येतायत."

"मॅडम, काचेत तोंड बघून भांग पाडतो मी. तुमचे कागदच तसले."

"एवढ्या मोठ्या बँकेचे कागद डागाळलेले असतात होय?"

"मग माझं मशीन काय देवी आल्यासारखं दिसतं?"

त्या पांढऱ्या कार्डांवर आत्याचं पुस्तक उभं होतं. बँकेचा नियम होता, हरकत घेतली नाही म्हणजे संमती. त्यावरून तिनं मांडलं की लहान देशांवर अटी लादल्या जात नाहीत, ते त्या समजून उमजून मान्य करतात. पुस्तक कॉलेजांत लागलं. त्याच्या जोरावर ती विभागप्रमुख झाली. निवृत्तीच्या सुमारास तिसरी आवृत्ती निघायची होती आणि सोमवारी ती छापायला जाणार होती.

शुक्रवारी निरोपाचं व्याख्यान झालं. टाळ्या थांबल्यावर दुसऱ्या रांगेतल्या एक आजी उठल्या. ऐंशीच्या तरी असतील. "मी त्या बँकेत सव्वीस वर्षं इतिवृत्तं लिहिली. तुम्ही गप्प बसणाऱ्यांचा होकार धरलात?"

"बँकेचा नियमच तसा होता."

"नियम होता हो. पण कागदांचं काय? मोठ्या देशांना ते आठ दिवस आधी मिळायचे. लहानांना थेट खुर्चीवर ठेवलेले, अडीचशे पानं! बिचारे वाचत असायचे. अध्यक्ष विचारायचे, कुणाची हरकत? ते मान वर करेपर्यंत ठराव मंजूर."

"हे इतिवृत्तात कुठेच नाही."

"लिहायची सोय कुठे होती? मी आपली त्या देशाच्या नावासमोर पेन्सिलीनं एक ठिपका द्यायचे. अजून वाचतोय, म्हणून. वाटलं, कधीतरी कुणीतरी विचारेल."

"समासात?" आत्यानं विचारलं.

"समासात."

आत्या व्यासपीठाच्या पायरीवरच बसली.

शनिवारी सकाळी टेबलावर झेरॉक्सचे गठ्ठे निघाले. मी देशाचं नाव वाचायचे, आत्या भिंगातून समास बघायची. "ठिपका," म्हणायची. पुढचं पान. "ठिपका." पुस्तकात नमुन्यादाखल छापलेलं पान हातात आलं तेव्हा तिनं भिंग खाली ठेवलं. छापील पान नीटनेटकं दिसावं म्हणून समासातल्या डागावर तिनं स्वतः व्हाइटनर लावला होता. रविवारी दुपारी हिशेब लागला. सहाशे चार पांढऱ्या कार्डांपैकी तीनशे अठ्ठ्याऐंशींना ठिपका होता.

बाबा दारात उभे राहून बघत होते. "ताई, आजी बोलल्या ते लोक विसरतील. हा आकडा घराबाहेर कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय ना."

"मी तोंडाला कुलूप लावतो."

"म्हणजे तुझंही पांढरंच कार्ड!"

बाबांनी एक खोका उचलून तिच्या हाताशी ठेवला.

सोमवारी तिनं प्रकाशकाला फोन लावला. मी शेजारी असल्यानं दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"छपाई थांबवा. मधली तीन प्रकरणं चुकली आहेत."

"अहो मॅडम, कागद येऊन पडलाय! प्रस्तावनेत दोन ओळी घाला ना, खुलासा म्हणून."

"घराचा पाया खचलाय आणि मी दारावर पाटी लावू?"

"नवीन लिहून कधी द्याल?"

"दोन वर्षं लागतील."

"दोन वर्षांनी हे पुस्तक कॉलेजात राहील का, याची खात्री मी देत नाही."

"मी मागितली नाहीये," आत्या म्हणाली. फोन ठेवला, पाणी प्यायली आणि आजींना भेटायची वेळ ठरवायला पुन्हा फोन उचलला.

मंगळवारी तळघरात मीही तिच्याबरोबर गेले. निवृत्त झालेल्या माणसाला नवा पास काढावा लागतो, तो काढला. मूळ फाइल उघडली. पानाच्या कडेला पेन्सिलीचा बारीक, नीट दाबून दिलेला ठिपका होता. फाइल घेऊन आत्या झेरॉक्सवाल्यासमोर उभी राहिली.

"काच तुमची स्वच्छच होती," ती म्हणाली.

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हे मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही."

"बरं." त्यानं झाकण उघडलं, सवयीनं काचेवरून फडकं फिरवलं. "आता काय, डाग घालवायचेत?"

"नाही. गडद काढा."