एकदाच जळणारी मोटर

गाडी लॉक केल्यावर डॉक्टर दहा पावलं पुढे जायचे, थांबायचे आणि परत जाऊन दाराचं हँडल ओढून बघायचे. "एकदा खात्री केलेली बरी," असं स्वतःशीच पुटपुटत यायचे. बरोबरच्या माणसाने तोवर पावसात उभं राहायचं. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

नॉटिंगहॅमच्या ज्या हॉस्पिटलात मी फार्मसिस्ट आहे, तिथे ते भूल देणारे कन्सल्टंट होते. जे औषध त्यांनी आयुष्यभर वापरलं, त्याचाही डोस मला फोन करून विचारायचे. "मला माहीत आहे गं, तरी तू एकदा सांग." मी सांगायचे. तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं.

साठीच्या आतच त्यांनी अचानक काम सोडलं. कारण कोणाला सांगितलं नाही. आणि गॅरेजमध्ये रॉकेट बांधायला घेतलं. खेळण्यातलं नव्हे, उभं केलं तर माझ्या खांद्याला लागेल एवढं. मोठी रॉकेटं उडवायची परवानगी हवी असेल, तर आपण बांधलेलं रॉकेट क्लबच्या परीक्षकासमोर एकदा उडवून दाखवायचं आणि ते पॅराशूटने धडधाकट खाली आलं पाहिजे, असा नियम होता.

अडलं मोटरपाशी. या मोटरी दोन तऱ्हेच्या असतात. एकीत इंधनाच्या कांड्या, रबरी रिंगा, झाकणं असं सगळं आपण धातूच्या नळीत जोडून भरायचं. ती कुठेही मिळत होती. दुसरी कारखान्यातूनच बंद होऊन येते, एकदा जळाली की टाकून द्यायची. डॉक्टरांना दुसरीच हवी होती, आणि त्यांच्या मापाची मोटर बनवणं कंपनीने थांबवलं होतं.

मग शोध सुरू झाला. देशातल्या सगळ्या विक्रेत्यांना त्यांनी ईमेल लिहिले, क्लबांना लिहिले, हा छंद सोडून दिलेल्या म्हाताऱ्यांचे पत्ते मिळवले. प्रत्येक ईमेल पाठवण्याआधी मला वाचायला लावायचे.

"हे बघ, परक्या नावाचा माणूस अनोळखी लोकांना विचारतोय, तुमच्याकडे जुनी रॉकेट मोटर पडली आहे का? कोणी पोलिसांना फोन केला तर?"

"डॉक्टर, तुम्ही क्लबचे मेंबर आहात."

"ते पोलिसांना दारात उभं करून सांगायचं का?"

म्हणून प्रत्येक ईमेलची सुरुवात 'मी निवृत्त डॉक्टर असून' अशी व्हायची, आणि तरीही पुढचे आठ दिवस दारावरची बेल वाजली की ते आधी खिडकीतून बघायचे.

एकदा मी न राहवून विचारलं, "ती दुसरी मोटर का नाही घेत? दुकानात मिळते ना?"

त्यांनी ड्रॉवरमधून एक रिकामी धातूची नळी काढली आणि एक बारीक रबरी रिंग. रिंग खाचेत बसवायला लागले. उजवा हात थरथरत होता. रिंग टेबलावर पडली, मग जमिनीवर. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी हात मांडीखाली घेतला.

"काम याच्यामुळेच सोडलं," ते म्हणाले. "परवानगीच्या उड्डाणाला मोटर स्वतःच जोडायची असते. दुसऱ्याने जोडली तर चालत नाही. आणि मी जोडलेली मोटर फुटली तर आजूबाजूला माणसं असतात."

मी रिंग उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली. त्या दिवसानंतर ईमेल मीही लिहायला लागले.

शेवटी एडिनबराजवळच्या एका वृद्ध गृहस्थांचं उत्तर आलं. एक मोटर होती, पाकीट न फोडलेली. पोस्टाने पाठवता येणार नव्हती. त्यांच्या क्लबच्या पुढच्या उड्डाणाला या, तिथेच घ्या आणि तिथेच उडवा, असं त्यांनी कळवलं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवणं सोडलं होतं, म्हणून मी चालवली. रॉकेट मागच्या सीटवर, त्याला सीटबेल्ट. हायवेवरच्या प्रत्येक विश्रांतीच्या थांब्यावर बेल्ट तपासणं झालं. स्कॉटलंडची बॉर्डर ओलांडल्यावर म्हणाले, "मोटर जुनी आहे. आतलं इंधन तडकलं असेल तर?"

माळावर बोचरा वारा होता. सेफ्टी ऑफिसर ही चाळिशीतली बाई होती, परीक्षकही तीच. तिने पाकीट फोडलं, मोटर फिरवून फिरवून बघितली, कुठे ठेवली होती ते त्या गृहस्थांना विचारलं.

"कोरड्या कपाटात," ते म्हणाले. "बायको हयात होती तेव्हापासून."

"वरून ठीक दिसते," ती डॉक्टरांना म्हणाली. "सगळ्यांत लांबच्या लाँच पॅडवरून उडवायला माझी हरकत नाही. पण आतलं मला दिसत नाही. ठरवायचं तुम्ही."

डॉक्टरांनी मोटर हातात घेऊन पुन्हा एकदा फिरवून फिरवून बघितली. मला वाटलं, आता नको म्हणतील आणि आम्ही तसेच परत जाऊ.

"उडवू या," ते म्हणाले.

पेटवायची बारीक तार मोटरच्या भोकात त्यांनीच घातली. तीनदा चुकली. ऑफिसर शेजारी उभी राहून वाऱ्याकडे बघत राहिली, घाई केली नाही.

बटण दाबलं आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग एक कडाड आवाज, आणि रॉकेट ढगाखाली बारीक ठिपका झालं. इंधन संपलं. त्यानंतर नऊ सेकंदांनी पॅराशूट निघायला हवं होतं. डॉक्टरांनी मान खाली घातली होती.

"उघडलं?"

"नाही अजून."

"आता?"

"नाही."

"आता?"

"उघडलं, डॉक्टर. केशरी आहे ना? उघडलं."

ते खाली आलं तेव्हा पॅराशूटची दोरी एका झुडपात गुंतली होती. डॉक्टर गुडघ्यावर बसले, गाठ सोडवायला गेले. हात थरथरत होता आणि ऑफिसर व ते वृद्ध गृहस्थ मागेच उभे होते. त्यांनी हात लपवला नाही. "तू सोडव," मला म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. त्यांच्या हातून भूल घेतलेल्या एक बाई उठून म्हणाल्या, "इतका निर्धास्त माणूस मी पाहिला नाही. त्यांच्याकडे बघितलं की भीतीच जायची." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. त्या नऊ सेकंदांत माळावर त्यांनी माझ्या कोटाची बाही इतकी घट्ट धरली होती की खांद्यापाशी शिवण उसवली. ती मी अजून शिवलेली नाही.