पोपटी गाडीवरची हळद

भाईदासला राग यायला कारण लागत नाही, असं जैनाबादेत लोक म्हणत. ते खरं नव्हतं. कारण नेहमी असायचं, फक्त ते इतरांना उशिरा दिसायचं. पुलावर भलत्याच बाजूनं घुसणारा ट्रॅक्टर, केळीच्या गाडीतून रस्त्यावर सांडलेला पाला, आजारी आईला मागं कोंबून स्वतः पुढच्या सीटवर ऐसपैस बसणारा मुलगा, हे सगळं त्याला दिसे आणि दिसलं की तोंड सुटे. तापीच्या अलीकडे सुरू झालेली शिवी पलीकडे बुऱ्हाणपुरात उतरेपर्यंत चाले. गाडीत बसणाऱ्यांना त्याची सवय झाली होती. तो गप्प असला तर लोक विचारत, "तब्येत बरी आहे ना भाईदास?"

त्याची गाडी म्हणजे बियाण्याच्या दुकानदाराकडून घेतलेली जुनी व्हॅन. रंग पोपटी, आणि तोही असा की केळीच्या बागेआडूनसुद्धा ती वेगळी उठून दिसे. ज्यांना नंबर वाचता येत नव्हता त्या म्हाताऱ्याही लांबून हात करत.

जैनाबादेत एक रीत पडून गेली होती. ज्या घरात बाईचे दिवस भरत आले असतील, त्या घरचं कोणीतरी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लिंबाला लुगड्याची चिंधी बांधायचं. भाईदास सकाळी पहिली फेरी काढताना सगळ्या गल्ल्यांवरून जाई आणि चिंधी दिसली की गाडी आत घाली. फोन का नाही करायचा, असं कोणी विचारलं तर म्हणे, "फोनवर गोड बोलावं लागतं. मला जमत नाही." त्या फेरीचं भाडं तो घेत नसे. त्याऐवजी दवाखाना येईपर्यंत नवऱ्याला शिव्या देई.

बाळ घेऊन बाई घरी परतली की उतरताना ओल्या हळदीत हात बुडवून गाडीच्या मागच्या दारावर पंजा उमटवायची. पहिल्यांदा कोणी केलं हे आता कोणालाच आठवत नव्हतं. उन्हानं पंजे विटत, पावसात ओघळत, त्यांच्यावर नवे उमटत. पोपटी दार मधोमध पिवळसर होऊन गेलं होतं. भाईदास सगळी गाडी रोज धूत असे. त्या दाराला मात्र फक्त कोरडं फडकं.

चैत्रात तो इच्छापूरला देवीला जाई, तेही बसनं. देवीला जाताना स्टिअरिंग धरायचं नाही, हा त्याचा नेम. यंदाही तो गेला आणि गाडी घरी राहिली.

संध्याकाळी नारळाचा प्रसाद घेऊन परतला, तर दारात एक काळी गाडी. चकाकणारी नव्हे, विझलेल्या कोळशासारखी काळी. मागच्या काचाही काळ्या. भाईदास तिला वळसा घालून घरात आला आणि बायकोला, सरुबाईला, म्हणाला, "कोण पाहुणा आला गं? गाडी दाराला चिकटवून लावलीय गाढवानं."

सरुबाईनं पोळी उलटली. "गाढव तुमचंच आहे. आत बसलंय."

आत जीवन बसला होता, त्यांचा मुलगा. इंदूरला गाड्या सजवण्याच्या दुकानात कामाला होता. ते दुकान बंद पडल्यावर तो होळीला परत आला होता. तो उठून उभा राहिला. "पप्पा, पहिले सुन तो लो. हा पेंट नाहीये. स्प्रे मारायचा, वाळला की रबरासारखी खोळ बसते. पेंटच्या मानानं फुकटात काम. मन भरलं की सोलून टाकायची, केळ्याच्या सालासारखी."

"केळ्याचं साल मला शिकवतोस? केळीच्या मुलखात?"

"लग्नाचा सीझन आहे. ट्रॅव्हल्सवाला म्हणाला, पोपटी डब्बा कोणी बुक करत नाही. काली गाडी दिखा, काम देतो."

"म्हणून माझ्या गाडीला काळं फासलं?"

"निकल जाता है ना!"

"मग काढ. आत्ता."

जीवननं बॉनेटच्या कडेला नख घातलं. खोळ सुटली खरी, पण नखाएवढी. पुन्हा ओढली, पुन्हा चिमूटभर. डबे पुरवायचे म्हणून त्यानं थर पातळ मारले होते, आणि पातळ थर अखंड निघत नाही, फाटतो. हे तो इंदूरला शिकला होता आणि घाईत विसरला होता. तो खाली बघत म्हणाला, "वरून अजून दोन-तीन हात मारले की जाड होईल. मग एकदम निघेल."

"काळं काढायला आणखी काळं फासू?" भाईदास एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारची म्हैस दोर ताणून उभी राहिली. "पुन्हा तो डबा हातात दिसला तर तुझ्याच तोंडावर मारीन. बघतो मग कसा सोलून निघतोस!"

सकाळी त्यानं जीवनला बाजूला बसवलं आणि फेरी काढली. "बघ आता तुझ्या शोभेच्या गाडीला कोण हात करतं." कोणीच करेना. थांब्यावरच्या बायका गाडी जवळ आल्यावर पदर सावरून मागं सरकल्या. रोजचा दूधवाला त्याच्या डोळ्यांदेखत रिक्षात बसला. भाईदासच्या कपाळावरची शीर फुगत चालली. जीवन मोबाईलमध्ये बघत राहिला.

मग लिंबाला चिंधी दिसली. मालूबाईची गल्ली. तिची सून रंजिता पहिलटकरीण होती.

भाईदासनं गाडी वळवली, आणि गल्लीची दारं एकेक करून बंद झाली. महिनाभर एक काळी गाडी तिथं येत होती. बागांमधून नवा रस्ता काढायचा म्हणून कोणाची तरी माणसं मोजणीला येत आणि बायका एकट्या असलेल्या घरांत शिरून कागदांवर अंगठे मागत. मालूबाईचा मुलगा केळीचा माल घेऊन बाहेरगावी गेला होता. तिनं ठरवून टाकलं होतं, काळी गाडी आली की दार उघडायचं नाही.

भाईदासनं कडी वाजवली. आतून उत्तर नाही. शेजारची एक पोरगी खिडकीतून पुटपुटली, "मागच्या दारानं गेल्या त्या. बागेत."

"कोण गेल्या?"

"दोघी. रंजितावैनीच्या पोटात दुखतंय पहाटेपासून."

जिच्यासाठी गाडी आली, ती बाई गाडीला भिऊन कळा सोसत बागेतून पळत होती. मग त्याचा आवाज फुटला. बांधावर उभा राहून तो ओरडू लागला. "मालूबाई! अगं ए म्हातारे, अक्कल गहाण टाकलीस का? पोरीला चिखलात चालवतेस? तुझ्या त्या पोराला सांग, बायको बाळंत व्हायच्या वेळी केळी विकत फिरतो! आणि हा माझा कारटा, ह्याला तर मी…"

बागेतून पानं हलली. मालूबाईचा आवाज आला, "कोन शे? भाईदास शे का?"

"नाही, तुझा जावई!"

"तोच शे," मालूबाई आत रंजिताला म्हणाली. "दुसऱ्या कोनाचं एवढं घाण तोंड नाही. चल माय, चल मागं."

जीवन पाटाच्या पाण्यातून धावत आत गेला आणि रंजिताला आधार देत घेऊन आला. ती घामानं भिजली होती, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. पुलावर भाईदासनं हॉर्नवरचा हात काढला नाही. त्या फेरीत शिव्या खायला नवरा नव्हता. सगळ्या जीवनच्या वाट्याला आल्या.

रंजिताला आत नेल्यावर बापलेक दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली थांबले. जीवननं पेट्रोलमध्ये फडकं भिजवून बॉनेटवर घासलं. काळं विरघळून फडक्यावर आलं. "याने निघतंय, पप्पा," म्हणत तो मागच्या दाराकडे वळला.

"त्या दाराला पेट्रोल लावू नको! हळद जाईल." भाईदास स्वतः उकिडवा बसला आणि नखानं खोळ सोलू लागला. तुकडा तुकडा निघत होता. खाली पोपटी रंग दिसला. स्वच्छ, नवा असल्यासारखा. त्यानं आणखी सोललं. तिथंही स्वच्छ.

"हळद कुठंय?"

जीवननं फडकं खाली ठेवलं.

"जीवन, हळद कुठंय?"

"स्प्रे मारायच्या आधी घासावं लागतं. नाहीतर धरत नाही ते. पुसट झाले होते, पप्पा. मला वाटलं…"

"अर्ध्या जैनाबादच्या बायांचे हात होते ते," भाईदास म्हणाला. तो ओरडला नाही. जीवननं मान वर करून पाहिलं. शिवी येईल म्हणून तो वाट बघत राहिला, आणि ती आली नाही. बाप काळे तुकडे चिकटलेली नखं बघत बसला होता.

तेवढ्यात मालूबाई बाहेर आली. मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. सांगून झाल्यावर तिची नजर गाडीवर गेली आणि तिचा चेहरा फिरला. "ऐक भाईदास. नातीला मी काळ्या गाडीतून घरी नेनार नाही. काळ्यावर हळद लावत नाहीत. रिक्षा करीन."

रिक्षा करीन, हे त्याला आजवर कोणी म्हणालं नव्हतं.

घरी आल्यावर जीवननं कोणी न सांगता काम सुरू केलं. पेट्रोल, फडकी, नखं. भाईदास खाटेवर बसून ओरडत राहिला, "कोपऱ्यात राहिलंय. आंधळा आहेस का? ट्रॅव्हल्सवाल्याला बोलाव ना मदतीला!" सरुबाई चहा देताना म्हणाली, "जरा हळू. पोराची बोटं सोलली."

"सोलू दे. त्याला सोलायची हौस."

रंजिताला घरी न्यायचा दिवस आला, तेव्हा बॉनेट, दारं, काचा मोकळ्या झाल्या होत्या. छत अजून काळं होतं. मालूबाईनं गाडीभोवती फेरी मारली, छताकडे बघून नाक मुरडलं. मग नातीला पदरात घेऊन आत बसली.

घराशी रंजिता उतरली. मालूबाईनं हळदीची वाटी आणली आणि ती जीवनच्या हातात दिली. "धर. घासताना हात चालत होता ना? आता धर." रंजितानं हात बुडवला आणि दारावर टेकला. मोकळ्या पोपटी दारावर एकच पंजा, ओला, बोटांतून ओघळणारा.

"एवढं मोठं दार," भाईदास म्हणाला, "कधी भरायचं आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दात घासत होता. बादली घेऊन जीवन गाडीकडे निघालेला दिसला, तसा तो तोंडातल्या फेसासकट गरजला, "मागच्या दाराला हात लावशील तर तंगडं मोडीन!"

"छताचं काळं काढतोय, पप्पा."

"मग काढ ना! माझं तोंड काय बघतोस?"