ओठांकडे बघत

पडद्यावरच्या अस्वलाचा केस न् केस वेगळा दिसत होता. ते नदीतून बाहेर आलं तेव्हा पाठीवरचे थेंब आधी थरथरले आणि मग ओघळले. इतकं निगुतीनं केलेलं काम बघून छान वाटायला हवं होतं. मला काहीच वाटलं नाही.

माझ्या आणि नवऱ्याच्या मधल्या खुर्चीत आमची दुसरीतली ईरा पॉपकॉर्न खात होती. भांडणानंतर आठवडाभर आम्ही दोघं तिच्यामार्फतच बोलत होतो. सिनेमात, लेकीला नको ते बोललेला बाप अस्वल शेवटी तिला शोधून काढतो. संगीत चढत जातं, तो तिला मिठीत घेतो, आणि सगळं मिटतं. आजूबाजूच्यांनी डोळे पुसले. थेंब थेंब रंगवणाऱ्यांनी नेमकी अवघड जागा संगीतावर सोडून दिली होती.

परत येताना रिक्षात ईरानं विचारलं, "बाबा, त्या अस्वलानं सॉरी कधी म्हटलं?"

"गाणं चालू होतं ना, तेव्हा म्हटलं असेल," नवरा म्हणाला.

"नाही म्हटलं. मी त्याच्या ओठांकडेच बघत होते."

घर अजून बरंच लांब होतं, तरी मी पर्समध्ये किल्ली शोधायला लागले.