मुसेकिवाच्या कबरीत शुवाई

शुवाईच्या तोंडी लागू नये, हे झांबेझीच्या खोऱ्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बाई कसली, फटाक्यांची माळ! एकदा पेटली की संपेपर्यंत कानात बोटं घालून उभं राहायचं.

पोटापाण्याला ती रानकुत्र्यांची राखण करायची. म्हणजे रानात हिंडून चोरट्या शिकाऱ्यांचे तारेचे फास काढायचे, आणि गावातल्या कुत्र्यांना मांडीत दाबून सुया टोचवून घ्यायच्या; नाहीतर यांचा पिसाळण्याचा रोग रानातल्यांना लागतो आणि अख्खा कळप साफ होतो. लोक म्हणायचे, "काय गं शुवाई, माणसं सोडून कुत्र्यांची आया झालीस?"

"झाले की! रानकुत्रे आधी पिल्लांना जेवू घालतात. तुझ्यासारखं आधी आपण गिळून मग पोरांना ताट चाटायला देत नाहीत."

पुन्हा विचारायची कोणाची टाप नव्हती.

असल्या शुवाईचा सहविरा होता म्हातारा मुसेकिवा. सहविरा म्हणजे पणज्यांपासून चालत आलेला मैतर. त्याला सगळं माफ. मयताच्या दिवशी घरचे रडतात आणि सहविरा हसवतो. मेलेल्याची नक्कल करतो, घरच्यांची लक्तरं वेशीवर टांगतो. रागवायचं मात्र कोणी नाही. आणि सहविरासमोर बोललेलं सरकारी शिपायांच्या कानावर घालायचं नाही, हाही त्यातलाच करार.

तर हा मुसेकिवा मेला, आणि नेमका वाईट वेळी मेला. टेकडीखालच्या जुन्या बिळात रानकुत्री व्याली होती. तिची पाण्याची वाट मोपानीच्या झाडीतून जायची, आणि त्या झाडीत मुसेकिवाच्या तारा होत्या, हे शुवाईला पक्कं ठाऊक होतं. मागच्याच महिन्यात कळपातला एक नर तिथं गळा आवळून मेला होता. पण कुठल्या झाडाला कुठली तार, ते लावणाऱ्यालाच माहीत. म्हातारा गेला, त्याच्या तारा थोड्याच गेल्या? पिल्लांची आई त्यात अडकली की खेळ खलास.

शुवाईनं म्हाताऱ्याच्या मुलाला, टिचाओनाला, गोडीगुलाबीनं विचारून पाहिलं. तो म्हणाला, "माझा बाप आणि फास? छे! देवमाणूस होता."

"देवमाणूस काय? बघतेच."

दुसऱ्या दिवशी मयताची पेटी कबरीशी आली, तेव्हा शुवाई मेलेल्याचा कोट घालून हजर! छाती काढून, रुबाबात, झाडाझाडाला फास लावल्याचं सोंग करत ती सगळ्या सोयऱ्यांमधून फिरली. "ए टिचाओना, बाप आलाय तुझा! तार आण रे, आज हरणाचं कालवण!" रडणाऱ्या बाया पदराआड खिदळायला लागल्या. तेवढ्यात हिनं कबरीत उडी मारली आणि मांडी घालून बसली.

आता सहविराला कबरीतून उठवायचं तर काहीतरी द्यावं लागतं. टिचाओनानं कोंबडी पुढं केली.

"कोंबडी तुझ्या आत्याला दे. मला जागा दाखव. तारा कुठं कुठं आहेत?"

"बाहेर ये ना गं बये! पेटी धरणाऱ्यांचे खांदे मोडले."

"मोडू देत. इथं गारवा छान आहे."

ऊन डोक्यावर आलं. टिचाओना रडकुंडीला आला. "आईशप्पथ, मला खरंच माहीत नाही गं!"

"त्याला कुठून माहीत असणार?" मागून आवाज आला. म्हाताऱ्याची बायको, टिचाओनाची आई म्हणून माई टिचाओना, काठी टेकत कबरीच्या काठावर आली. "तारा मी लावायचे."

शुवाईचं तोंड उघडं ते उघडंच.

"पाठ मोडल्यापासून त्याला स्वतःचा जोडा बांधता येत नव्हता, वाकून फास काय लावणार! नातवंडांच्या ताटातल्या मक्याच्या सदझ्याबरोबर कालवण कुठून यायचं? म्हणून मी लावायचे. शिपाई आले तेव्हा तो पुढं झाला, म्हणाला, मीच लावल्या. मार खाल्ला. तू इतकी वर्षं त्याला खाटीक म्हणालीस, तेव्हाही नुसता हसला. माझं पाप त्याच्या उरावर ठेवून त्याला मातीत घालणार नाही मी. ऊठ, जागा त्याची आहे. तारा उद्या दाखवते."

शुवाई मुकाट्यानं उठली. जन्मात पहिल्यांदा.

नवरा कालच पुरला आणि आज ही रानात निघाली, म्हणून जावांनी कावकाव केली. माई टिचाओनानं ढुंकूनही पाहिलं नाही. झाडामागून झाड दाखवत गेली, शुवाई तारा सोडवत गेली. शेवटची तार बिळासमोरच्याच वाटेवर निघाली, कुत्रीच्या मानेच्या बरोब्बर उंचीची. मऊ मातीत तिच्या पायांचे ताजे ठसे होते, तारेच्या अगदी कडेनं गेलेले. बिळातून गोल कानांची दोन पिल्लं डोकावत होती.

"थोडक्यात वाचली," शुवाई म्हणाली. तिनं तार सोडवून गुंडाळली. मग हळूच म्हणाली, "माई, मी त्याला भर सभेत नको ते बोलले."

"बोललीस ते बोललीस. पण नक्कल किती भिकार केलीस! छाती काढून कधी चालला गं तो? हे बघ." म्हातारीनं काठी टाकली, एक हात कमरेवर ठेवला, जोड्याच्या दिशेनं निम्मी वाकली आणि तिथंच अडकून अशी काही बोंबलली, "अगं आई गंऽऽ! रांडेच्या जोड्या, तूच वर ये!" की पिल्लं धूम बिळात पळाली.

हुबेहूब मुसेकिवा! शुवाई पोट धरून मातीत बसली. हसू आवरेना, आणि मग रडूही आवरेना. सहविरानं रडायचं नसतं, हे तिला सांगायला तिथं कोणी नव्हतं. माई टिचाओना होती, पण ती स्वतःच डोळे पुसत होती.