शाळेच्या पटांगणातली कोपी

नृसिंह धर्माधिकारी गुरुजींना उभ्या आयुष्यात एकही नवी कल्पना सुचली नव्हती, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नव्हतं. खर्ड्यापासून बरीच आत, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या वस्तीवरची चौथीपर्यंतची शाळा ते एकट्यानं चालवत. आधी प्रार्थना, मग पाढे, मग धडा, मग गणितं. वडीलही मास्तर होते, त्यांचाही क्रम हाच. मुलं वाचायला शिकत. याहून वेगळं काय हवं, हा प्रश्न गुरुजींना पडत नसे.

तो वर कुणाला तरी पडला. कमी पटाच्या शाळा लांबच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकायच्या, अशी बोलवा उठली. ज्या शाळेत ‘काहीतरी वेगळं’ चाललेलं दिसेल ती वाचेल, असंही म्हणत. लेखी कुठंच नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचा विश्वास बसला.

गुरुजींची झोप उडाली ती नोकरीच्या काळजीनं नव्हे. नोकरी दुसऱ्या गावी मिळालीच असती. पण वस्तीवरची माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जात आणि पोरं म्हाताऱ्यांजवळ ठेवून जात, ती शाळा दारात होती म्हणून. शाळा गेली की पोरं ट्रॉलीत बसून आईबापांबरोबर उसाच्या फडात जाणार. फडात गेलेलं पोर पुन्हा पुस्तकाकडं वळत नाही, हे त्यांनी पुष्कळदा बघितलं होतं.

तशात प्रशिक्षण आलं. विषय, वर्गातली सर्जनशीलता. तालुक्याच्या मंगल कार्यालयात, स्टेजवर आदल्या लग्नातली वधूवरांची नावं अजून लटकत असताना ते सुरू झालं. मुलांना शाळेत कसं रमवावं हे गुरुजी तिथं शिकत होते, तोवर त्यांच्या शाळेला कुलूप होतं.

शेजारी बसलेले अवधूत सर अनुभवी होते. चहाच्या सुट्टीत म्हणाले, “धर्माधिकारी, चेहरा कशाला पाडताय? बाजारपेठेत दुकान आहे. टाकाऊपासून टिकाऊ तयार मिळतं. बाटलीचा मोर, चमच्यांची फुलं. शाळाभेटीला कुणी येईल त्या दिवशी मांडायचं.”

“पण ते मुलांनी केलेलं हवं ना?”

“मुलांनीच पिशवीतून काढून टेबलावर ठेवायचं की.”

गुरुजींना हे पटलं नाही. प्रामाणिकपणाचा प्रश्न होताच, शिवाय मोर त्यांच्या मोटारसायकलवर बसण्यातला नव्हता.

शिकवायला आलेल्या मनवा मॅडम पुण्याच्या. वयानं लहान, पण मनापासून बोलत होत्या. “मुलाच्या जगातलं काहीतरी वर्गात येऊ द्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काही करू नका. फक्त बाजूला व्हा.” आख्ख्या प्रशिक्षणात आपल्याला जमेल असं गुरुजींना एवढंच वाटलं.

परतल्यावर त्यांनी मुलांना विचारलं, “तुम्हाला स्वतःच्या हातानं काय बांधता येतं?”

गुरुजींनी असा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. मुलांना वाटलं, काहीतरी गुन्हा घडलाय. शेवटी चौथीतली ज्ञानेश्वरी उठली. “कोपी.”

कोपी म्हणजे ऊसतोडीवाले फडाशेजारी घालतात ती वाकून शिरायची झोपडी. ज्ञानेश्वरी अगदी लहानपणी आईबापांबरोबर गेली होती. पुढं तिची आजी गोजरबाई हिनं पाय रोवले आणि नातीला ठेवून घेतलं, शाळेसाठी.

गुरुजी बाजूला झाले. उसाचं पाचट नव्हतं, म्हणून पोरांनी बाजरीच्या वाळल्या ताटांचं सरमाड आणलं, तुराट्या आणल्या. ज्ञानेश्वरी तोडीच्या टोळीवरल्या मुकादमासारखी ओरडत होती, “ए पार्थ, हितं धर! वारं कुनीकडनं येतंय बघ की, येड्या!” कोपी उभी राहिली. मग आत संसार थाटला. कोणी आई झालं, कोणी झोळीतलं बाळ. “उठ रं, गाडी भरायचीय!” अशी हाक आतून आली तेव्हा बाहेर उभ्या गुरुजींच्या अंगावर काटा आला. जी मुलं कधी दोन वाक्यांच्या पुढं गेली नव्हती, त्यांनी कोपीवर पानभर लिहिलं. आपल्यालाही काही सुचू शकतं, असं गुरुजींना या वयात वाटलं, आणि तिथंच चुकलं.

शाळाभेटीला आलेल्या मनवा मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी फोटो काढला. कोपीच्या दारात ज्ञानेश्वरी, हातात पुठ्ठ्याचा कोयता, चेहऱ्यावर हसू. फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर गेला, तिथून तालुक्यात, तिथून कुठं कुठं.

आठवडा उलटायच्या आत गोजरबाई शाळेत आली. मोबाईल पुढं धरला. “ह्यो फोटू हितलाच हाय न्हवं?”

“हो आजी. मोठं कौतुक झालं पोरीचं.”

“ही साळा हाय का फड? माजं आयुष्य कोपीत गेलं. सून कोपीत बाळंत झाली. ह्या पोरीच्या नदरंस कोपी पडू नये म्हनून तुमच्याकडं धाडली, आन तुमी तिला कोपीच घालाया लावली व्हय?”

“आजी, तसं नाही. मॅडम म्हणत होत्या...”

“मॅडमचं ऱ्हाऊ द्या. मुकादम काय म्हनला त्ये ऐका. फोटू बघून हिच्या बापाला, आमच्या छगनला म्हनला, पोरगी हाताची चलाख हाय, थोडी मोठी झाली की उजवून टाक, कोयता हुईल.”

तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. जोडी असली की मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल पक्की. त्यापायी वस्तीवर पोरींची लग्नं शाळेच्या वयातच उरकत. गुरुजींना हे ठाऊक होतं. फोटोच्या वेळी आठवलं नव्हतं.

ते पटांगणात धावले आणि दोन्ही हातांनी कोपी मोडायला लागले. “हे बघा आजी, मोडली. ही बघा.” सरमाडानं तळवे सोलवटले. वर्गातून मुलं बाहेर आली. ज्ञानेश्वरी जवळ येऊन हळूच म्हणाली, “गुरुजी, वाकडी झाल्ती का?”

“नाही गं. चांगली झाली होती.”

“मंग?”

गुरुजी तुराट्या गोळा करत राहिले.

“ही मोडून काय हुतंय?” गोजरबाई म्हणाली. “त्यो फोटू मोडा.”

ते तिच्या मागं मागं वस्तीपर्यंत गेले, हात जोडले. वर्ष तरी पुरं होऊ द्या, म्हणाले. गोजरबाई एवढंच बोलली, “तुमचा इश्वास हुता, गुरुजी.” दोन दिवसांत तिनं नातीला सोनईला, साखर कारखान्याच्या गावी, आत्याकडं पाठवलं. मुकादमाच्या नजरेपासून लांब, आणि उसाच्या अगदी जवळ.

वस्तीवरच्या झुंबरबाईनंही आपली नातवंडं शाळेतून काढली. शाळेत आता ऊसतोडच शिकवतात म्हटल्यावर पोरं आईबापांपाशी काय वाईट, असा तिचा हिशोब होता. दिवाळीनंतर ट्रॉल्या निघाल्या तेव्हा पोरं भांड्यांच्या बोचक्यांवर बसली होती. पार्थनं गुरुजींना हात केला. त्याला सहल वाटत असावी.

शाळा मोठ्या शाळेत मिळवून टाकल्याचं पत्र आलं. त्याच्या पाठोपाठ दुसरं, अभिनंदनाचं: सर्जनशील अध्यापनाबद्दल श्री. धर्माधिकारी यांची प्रशिक्षक म्हणून निवड.

आता ते मंगल कार्यालयांतून बोलतात. नकार देऊन बघितला. तो विनय समजला गेला. पडद्यावर फोटो येतो, टाळ्या पडतात. परवा सुप्याच्या बाजूच्या एका तरुण बाईंनी हात वर केला. “सर, ही मुलगी आता काय करते?”

गुरुजींनी सोनईला फोन लावून बघितले होते. “रानात गेलीय,” असं आत्या म्हणायची. पुढं पुढं तिनं फोन उचलणं सोडलं.

“पुढची स्लाइड घ्या,” ते म्हणाले.

पुढच्या स्लाइडवरही तीच होती. जरा जवळून.