ओल्या मुठीची चाचणी

मी जात्याच भित्री. शाळेत हजेरीला नाव पुकारलं तरी माझ्या तळहातांना घाम फुटायचा. अशा बाईला चिकलठाण्याच्या शेडमध्ये, साहेबांच्या डोळ्यांदेखत भट्टी पेटवायचं काम मिळालं. घ्या आता!

लोखंडाच्या खनिजाचा बारीक चुरा थेट मोठ्या भट्टीत घालता येत नाही, तो हवा कोंडतो. म्हणून त्यात कोकचा, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाचा, भुगा आणि चुनखडी मिसळायची, पाणी शिंपडून बारीक गोळ्या धरू द्यायच्या आणि भाजून त्याची टणक ढेकळं करायची. त्यालाच सिंटर म्हणतात. दोन खाणींचा चुरा एकत्र केला तर सिंटर अधिक चांगलं कसं होईल, ते आम्ही पिंपाएवढ्या भट्टीत बघत होतो. ओल मोजायचं यंत्र नव्हतं. मिश्रण मुठीत दाबायचं, मुटका टिकला की पाणी पुरलं. मूठ माझी. पाणी घालायला एक मावशी होती, बिडकीनकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली.

पहिली भट्टी अर्ध्यावर विझली. दुसरीही. वरचा थर भाजलेला आणि खाली नुसता चुरा. साहेब म्हणाले, पाणी कमी पडलंय, या मावशीचं लक्ष नाही, उद्यापासून ही नको. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. एकेक तांब्या तिनं माझ्याच सांगण्यावरून घातला होता. पण मी नवखी, अजून कायम झाले नव्हते. मी मान खाली घालून वहीत तांब्यांचा आकडा लिहीत राहिले.

तिसऱ्या भट्टीसाठी मी मूठ दाबली. मुटका छान बसला. पुरे, म्हटलं. मावशीनं माझा हात धरून उघडला आणि हळूच बोलली, "माल कोरडा हाय, बाई. वला तुमचा हात हाय."

तिन्ही वेळा मी माझाच घाम मोजला होता! तिनं स्वतःच्या खरबरीत मुठीत मिश्रण दाबलं, तर ते भुसभुशीत सुटलं. मग तिनं आणखी चार तांबे घातले आणि गोळ्या धरल्या. भट्टी पेटवली, तळाचा पंखा हवा खाली ओढू लागला, आग थराथरानं तळापर्यंत उतरली. साहेब खूश. मला म्हणाले, बघ, लक्ष दिलं की जमतं.

मावशी कोपऱ्यात डबा पिशवीत भरत होती. मी साहेबांपुढं हात पसरला. तळव्यावर लाल चिखल झाला होता.

"पाणी मी ठरवत होते, साहेब. चूक माझी."

त्यांनी आधी त्या हाताकडं, नंतर मावशीकडं पाहिलं. मग म्हणाले, "आजपासून मूठ हिची, वही तुझी."

नोकरी दोघींचीही राहिली. पण तिनं पिशवीला गाठ मारेपर्यंत मी गप्प होते. ती तशीच उठून दाराबाहेर गेली असती, तर मी हाक मारली असती का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. साहेबांची भीती कधीच गेली, स्वतःची मात्र अजून लई वाटते.