हाचिया-सान मैदानात उभे आहेत

कॅनडात, ग्वेल्फमध्ये आमच्या घरामागच्या पार्कात शिरण्याआधी हाचिया-सान कडेला थांबायचे आणि मैदानाला कमरेतून वाकून नमस्कार करायचे. मैदान म्हणजे काय, तर गुडघाभर बर्फ. मी बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायचो. वर ते आणि त्यांची मुलगी एमी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याची किल्ली पडली.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"परवानगी मागतोय," ते म्हणाले.

ऐंशीच्या पुढचे हे गृहस्थ पन्नासच्या दशकात जपानकडून फुटबॉल खेळलेले. तेव्हा तिकडं सगळे बेसबॉलवेडे. "आमच्या मॅचला आमच्या आया यायच्या," ते सांगायचे, "त्याही आम्हाला घरी न्यायला." ग्राउंड मातीचं, बॉल चामड्याचा, वर बुटासारखी लेस. पावसात भिजून त्याचा दगड व्हायचा. कपाळावरचा व्रण दाखवून म्हणायचे, "हा माझा गोल. आत गेला नाही, माझ्याकडेच राहिला."

मी नकलाकार. बार्शीच्या शाळेत हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत कुणाला सोडलं नाही. इथं पिझ्झाच्या दुकानातला पंजाबी मॅनेजरही सुटला नाही. पण हाचिया-सानांच्या कोचची नक्कल त्यांनीच मला शिकवली. हनुवटी वर, हात मागं, आवाज नाकातून: "हाचिया! पाय आहेत की चॉपस्टिक?" मी केली की डोळे पुसेपर्यंत हसायचे आणि म्हणायचे, "अजून थोडा वाईट हो. तो माणूस फार वाईट होता."

२०१७च्या हिवाळ्यात त्यांचं विसरणं वाढलं. शेगडी चालू, दार सताड उघडं, एमी कामावर. दोनदा पोलिसांनी घरी आणून सोडलं. शेवटी तिनं वृद्धाश्रमात खोली घेतली. "मी घर सोडणार नाही," एवढं एक मात्र ते विसरत नव्हते.

न्यायच्या दिवशी सकाळी ते पार्कात जाऊन उभे. नुसत्या स्वेटरवर, उणे वीसमध्ये, पार उजव्या कडेला. एमीनं हात धरला तर झटकला. "मॅच चालू आहे."

ती धावत माझ्याकडे आली. "तू कोच हो ना, प्लीज. त्याचं ऐकतील."

मी हनुवटी वर केली. "हाचिया! बाहेर ये. बदली खेळाडू येतोय."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "बदली? कोचसाहेब, बदली कुठं असतो? मी आलो तर आपण दहाच राहू."

खरंच की. त्यांच्या काळात खेळाडू बदलता यायचा नाही. पाय मोडला तरी लंगडत कडेला, पण आतच थांबायचं. मी टीव्हीवर मॅच बघून वाढलेला, मला काय माहीत?

"पण पाय दुखतोय ना तुझा?" मी कसंबसं रेटलं.

"दुखतोय. म्हणून तर कडेला उभा आहे."

एमी रडायला लागली. त्यांचे कान पांढरे पडत चाललेले. मला दुसरं काही सुचेना. दोन बोटं तोंडात घातली आणि एसटी मागं घेताना कंडक्टर मारतो तशी लांबलचक शिट्टी मारली.

ते एकदम सैल पडले. माझ्या खांद्यावर हात टाकून मुकाट चालत आले, गाडीत बसले, बेल्टही स्वतःच लावला. एमीनं हीटर फुल केला. मी मागं त्यांच्या शेजारी बसून त्यांचे हात चोळत होतो. गाडी घरावरून पुढं गेली.

हायवे लागल्यावर माझ्याकडे वळून, समजावल्यासारखं हळू म्हणाले, "रेफ्री, अजून वेळ होता. लवकर वाजवलीत."